उजव्या हाताला पाणी

यशवंताचं पत्र श्रावणात आलं होतं. दिवाळी उलटून गेली तरी मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्रात अवघड काही नव्हतं. यशवंत हा माझा खानापूरच्या शाळेतला जुना विद्यार्थी. आता तिथल्याच बाजारात त्याचं भुसाराचं दुकान आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, तरी मला लिहिताना त्याचं अक्षर अजून पाटीवर गिरवल्यासारखं सरळ येतं. त्यानं लिहिलं होतं, "आमची तारा शिक्षिकेची परीक्षा पास झाली. गुंदला नवी शाळा निघते आहे, तिथे तिची नेमणूक झाली आहे. कार्तिक संपण्याच्या आत हजर व्हायचं आहे. ती एका पायावर तयार आहे, मी नाही. मास्तर, आपण त्या रानात राहता. एकट्या बाईमाणसाचा तिथे निभाव लागेल की नाही हे आपल्याइतकं कोण जाणतं? आपण हो लिहिलंत तर पाठवीन. नाही लिहिलंत तर तो विषय संपला. पण लिहा."

हो किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. पण मी दौत उघडून विचार करू लागलो आणि तिथंच सगळं बिघडलं. हो लिहायला जावं तर इथला हिवताप आठवे, पावसाळ्यात तुटणारी वाट आठवे. नाही लिहायला जावं तर तारा आठवे. लग्नाला वर्ष होण्याच्या आत तिचा नवरा प्लेगात गेला, आणि मग दुकानामागच्या खोलीत माझीच जुनी पुस्तकं वाचत ती वाढली. मी कागद घडी करून पुस्तकात खूण म्हणून घालायचो. ते पुस्तक वाचून झालं की खूण पुढच्या पुस्तकात जायची. अशी बरीच पुस्तकं झाली.

खरं सांगायचं तर मला दुसरीच गोष्ट टोचत होती. गुंदबद्दल सांगणारा मी कोण? सुप्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथं आलो, कारण इथं शांतता होती आणि गावच्या उमाजीनं त्याच्या मांगराशेजारची, म्हणजे गोठ्याशेजारची, रिकामी खोपी मला दिली होती. इतकी वर्षं झाली तरी गावातली माणसं मला 'पावणं' म्हणत. प्रेमानं म्हणत, भात-भाजी आणून देत, पत्रं वाचून घेत. पण पाहुणा तो पाहुणाच. माझ्या पडवीत पोरं खेळायला येत, शिकायला मात्र कुणी पाठवत नसे. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि मी त्याच्याजवळ जात नव्हतो.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अंगणात बैलगाडी थांबली. गाडीतून आधी एक काठी बाहेर आली, मग एक सुजलेला पाय, आणि मग यशवंताची थोरली बहीण लक्ष्मीआत्या.

"आहात होय?" ती मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली. "आम्हाला वाटलं, मास्तरांना वाघानं नेलं. तारा, उतर गं. आहेत, जिवंत आहेत. फक्त हात लुळा पडला असेल. लिहिता येत नसेल."

मी धोतराचा सोगा सावरत पुढं झालो.

तारा हसत खाली उतरली. उंच, सावळी, कपाळ मोकळं, डोळे सगळीकडे भिरभिरणारे. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला. "मास्तरकाका, बाबा म्हणतात तुमचं पत्र आल्याशिवाय होकार नाही. तुम्ही पत्र पाठवत नाही. म्हणून मी म्हटलं, आपणच जाऊन बघावं. उद्या सकाळी परत निघायला हवं. शाळेच्या बोर्डाला याच आठवड्यात कळवायचं आहे."

"बघायचं म्हणजे काय काय बघायचं?"

"सगळं!" ती म्हणाली.

सगळं बघायला सुरुवात उमाजीपासून करावी लागते. उमाजी गावाचा बुधवंत, म्हणजे इथल्या कुणब्यांचा मुखिया. त्याच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. मी ताराला त्याच्याकडे नेलं. तो खळ्यात नव्या भाताच्या पेंढ्या झोडत होता आणि त्याची विधवा बहीण केशर सुपानं पाखडत होती.

"शाळंच्या बाई? हीच?" उमाजीनं विचारलं. "बरं झालं आली. पन मास्तर, तुमाला ठावं हाय. पानी दावल्याबिगर आमी कुनाकडं पोरं धाडत न्हाई."

मला ठाऊक होतंच, आणि मी मान खाली घातली. पाणी दाखवणं ही इथली जुनी रीत आहे. गावात लग्न होऊन सून आली किंवा कुणी राहायला आलं, तर त्या माणसाला नदीवरच्या कोंडीवर नेतात. नदीतल्या खोल डोहाला इथं कोंड म्हणतात आणि धबधब्याला वझर. गावाच्या वेशीवरच्या धोंड्यापासून निघायचं, नदीच्या एका काठानं वर जायचं, थोरल्या वझरीखालच्या कोंडीत खडस माशांना हातानं लाह्या चारायच्या आणि पलीकडच्या काठानं खाली उतरून पुन्हा धोंड्याशी यायचं. देवाला प्रदक्षिणा घालावी तशी ही फेरी, सगळा वेळ पाणी उजव्या हाताला. त्या कोंडीतला मासा गावातलं कुणी मारत नाही. मासा हातातून खाऊन गेला की माणूस गावचं झालं.

मी इतकी वर्षं गेलो नव्हतो. आज गुडघा, उद्या सर्दी, परवा पाऊस. वाटेत एक साकव आहे, ओहोळावर टाकलेलं एकच लाकूड, त्याच्यावरून जायची मला भीती वाटायची. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती आणि सगळ्या गावाला ती माहीत होती.

"आज नेता येईल?" तारानं विचारलं.

"आजच ने की रं," केशर सूप ठेवून म्हणाली. "नवं भात हाय, ऊन हाय. बाय, लाह्या तुझ्या हातानं भाजाव्या लागतील. येतंय?"

"येतंय."

"आन संगं माहेरचं मानूस पायजे. लाह्याची पिशवी त्यानं न्यायची. भुईला टेकवायची न्हाई, दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई."

लक्ष्मीआत्येनं आपला सुजलेला पाय पुढं केला. "हा बघा माहेरचा पाय. धोंड्यापर्यंत येईल, पुढं नाही."

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. केशर हसून म्हणाली, "पावणं, एका फेरीत दोघांचं काम हुईल."

ऊन डोक्यावर येण्याआधी आम्ही धोंड्याशी पोचलो. तारानं केशरच्या चुलीवर भाजलेल्या लाह्या कापडाच्या पिशवीत माझ्या हातात होत्या, अजून कोमट. उमाजीनं धोंड्यावर पाण्याची ओंजळ सोडली, हात जोडले आणि रीत सांगितली. फेरी पुरी होईतो घरात शिरायचं नाही. आणि मागं फिरायचं नाही. वळून बघितलेलं चालतं, पाऊल मागं नको. "एक पाऊल मागं गेलं की फेरी मोडली. मग वरीस जायला पायजे, नवं भात यायला पायजे, तवाच पुन्ना."

"आणि मासे आले नाहीत तर?" तारानं विचारलं.

"येतात," केशर म्हणाली. "मानसावर असतंय."

लक्ष्मीआत्या धोंड्याजवळ घोंगडी अंथरून बसली आणि आम्ही चौघं निघालो. पुढं उमाजी, मग तारा, मग मी, मागं केशर.

ही वाट मी इतकी वर्षं का टाळली, असं मला पहिल्या वळणावरच वाटू लागलं. उजव्या हाताला नदी खडकांवरून उड्या मारत खाली येत होती. पाऊस जाऊन महिना झाला होता, तरी पाण्याला जोर होता आणि गढूळपणा मात्र उरला नव्हता. तळाचे गोटे मोजता आले असते. डाव्या हाताला भाताची शेवटची खाचरं संपली आणि रान सुरू झालं. तारा प्रत्येक गोष्टीला थांबायची. हे कसलं झाड? हा आवाज कुणाचा? या वेलीखाली काय असतं? "कोनं," उमाजी म्हणायचा, "कंद. उकडून खायाचं. शाळंत आलीस की रोज खाशील, मग कटाळशील." मी पुस्तकात वाचलेली झाडांची नावं सांगायचा प्रयत्न करत होतो. दोनदा चुकलो आणि तो नाद सोडला.

मग धाकटी वझर आली. डाव्या डोंगरातून एक ओहोळ काळ्या कड्यावरून झेप घेत होता आणि आमच्या वाटेला आडवा जाऊन नदीला मिळत होता. त्याच्यावर तो साकव होता. उमाजी चालत गेला. तारा हात पसरून, मजेत गेली. मी वहाणा काढल्या. पण वहाणा, काठी आणि पिशवी हातात घेऊन जायचं कसं? पिशवी भुईला टेकवायची नव्हती. म्हणून मी ती नीट, जपून, जांभळीच्या एका फांदीला अडकवली, चष्मा पुसला, वहाणा काखेत मारल्या, लाकडावर घोड्यावर बसल्यासारखा बसलो आणि डोळे मिटून सरकू लागलो.

"घोडं चांगलं हाय," मागून केशर म्हणाली, "पन चालत न्हाई."

पलीकडे पोचलो तेव्हा तारानं टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की पुढची सगळी चढण मी तिच्याशी बोलत बोलत चढलो. मी! जो वर्गातसुद्धा पोरांकडे न बघता फळ्याकडे तोंड करून शिकवायचा.

आणि मग झाडं बाजूला झाली आणि थोरली वझर समोर उभी राहिली.

आवाज आधीपासून येत होता, पण तो आवाज आणि हे दृश्य एकाच गोष्टीचं आहे हे मनाला पटेना. अख्खी नदी एका कड्यावरून खाली येत होती, पांढरी, एकसंध, आणि पायाशी हिरवीगार कोंड होती. तुषार आमच्यापर्यंत येत होते. सूर्य कोंडीच्या मध्यावर होता आणि पाण्यात खोल खोल, हिरव्या उजेडात, लांबलचक काळ्या सावल्या हलत होत्या.

"ते मासे?" तारा कुजबुजली. "एवढे?"

"खडस," उमाजी म्हणाला. "चल बाय. ह्या फरशीवर बस. मास्तर, लाह्या द्या."

मी हात पुढं केला. हातात वहाणा होत्या.

मी दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्यात काठी होती.

"वहाणा आनल्या," केशर सावकाश म्हणाली, "आन देवाचं झाडाला टांगून आलं. घोड्याला हसता हसता म्याबी इसरले."

"जांभळीला!" मी ओरडलो. "साकवाच्या आधीच्या. मी भुईला टेकवली नाही, म्हणून..."

"मी आणते पळत," तारा उठलीच. "हाकेच्या अंतरावर तर आहे."

केशरनं तिचा पदर धरला. "थांब! मागं पाऊल टाकलंस तर वरीसभर हितं यायचं न्हाई."

"मग तुम्ही कुणीतरी..."

"आमी समदी फेरीतच हाव. आन म्या तर बुधवंत," उमाजी म्हणाला. "म्या मागं फिरलो म्हंजे गाव मागं फिरलं."

तारा पुन्हा फरशीवर बसली. तिचा चेहरा बघवेना. एक वर्ष! बोर्ड एक आठवडा थांबणार नव्हतं. शाळा दुसऱ्या कुणाला जाईल किंवा निघणारच नाही, आणि ती त्या दुकानामागच्या खोलीत परत जाईल, तीही माझ्यामुळे, एका पिशवीमुळे. खाली झाडांतून धाकट्या वझरीची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. इतकी जवळ होती ती पिशवी! मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. पाणी उजव्या हाताला होतं. पलीकडच्या काठावरून खाली उतरणारी वाट दिसत होती, खाली वळून उताराकडे, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेकडे, जाणारी, उताराहून धोंड्याकडे, धोंड्याहून...

"मला असं वाटतं," मी म्हणालो. माझा आवाज वझरीत बुडाला. मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो, "चूक असेल तर सांगा. पण आपण पुढंच गेलो तर?"

"फुडं म्हंजे?"

"रीतीप्रमाणं. वझरीमागून पलीकडे, त्या काठानं खाली, धोंड्याशी, आणि थांबायचं नाही. तसंच पुन्हा वर. मागं पाऊल कुठंच पडणार नाही. पिशवीपाशी समोरूनच पोचू."

उमाजीनं डोक्यावरची घोंगडी सारखी केली. "असं कुनी केलं न्हाई."

"कुनी केलं न्हाई म्हंजे चालत न्हाई असं कुटं हाय?" केशर उसळून म्हणाली. "आजपातूर कुनी लाह्या झाडाला टांगून वहाणा घिऊनबी आलं न्हाई. तुझ्या बापानं ह्ये बगितलं असतं तर त्यानं ह्येच्यासाठी रीत करून ठेवली असती."

उमाजीनं पाण्याकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, बोटानं हवेत एक फेरी काढली. मग तो पहिल्यांदा हसला. "मागं तर जात न्हाई. पानीबी उजव्या हातालाच. चला! पन बिगी बिगी. कोंडीवर सावली पडली की मासे तळाला जातात. मग हाक मारली तरी येत न्हाईत."

आम्ही निघालो ते धावतच.

वझरीच्या मागून वाट आहे. कड्याखाली वाकून जावं लागतं, एका बाजूला ओला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची भिंत. मी आत शिरलो आणि माझा चष्मा एका क्षणात आंधळा झाला. सगळीकडे पांढरं, सगळीकडे गडगडाट, पायाखालचा खडक थरथरतोय. तारा पुढून काहीतरी ओरडत होती. मीही ओरडत होतो. काय ते मला आठवत नाही, बहुतेक काहीच नाही, नुसता आवाज. पलीकडे बाहेर पडलो तेव्हा मी चिंब होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

पलीकडच्या काठाची वाट बांबूच्या रानातून उतरते. आम्ही ती उतरलो नाही, घसरलो. गुडघा? गुडघ्याची आठवण मला थेट उतारात झाली, गुडघाभर गार पाण्यात शिरल्यावर. आणि समोर धोंडा, धोंड्याशी लक्ष्मीआत्या, तिच्या पुढ्यात पत्रावळींवर मांडलेला भात.

"आलात का? तारा, पास की नापास?"

तारा तिच्यासमोरून न थांबता गेली. तिच्यामागून मी गेलो.

"अगं, कुठं चाललात परत?"

"पिशवी आणायला, आत्या!"

"कुठली पिशवी?"

"मास्तरकाकांनी टांगलेली!"

"मास्तर, या वयात हे काय? धोतर तरी पिळा! अहो, भात गार होतोय!"

मला थांबून उत्तर द्यायला वेळ नव्हता. कोंडीवरची सावली थांबणार नव्हती. मी चालता चालता नुसता हात वर केला.

दुसऱ्यांदा ती वाट वेगळीच वाटली. तारानं आता एकही झाड विचारलं नाही. ती पुढं जाऊन थांबायची, मला येताना बघायची आणि पुन्हा सुटायची. धाप लागत होती. एका वळणावर मला खाली बसावंसं वाटलं आणि तेवढ्यात वरून आवाज आला. हुप्! हुप्!

"वानरं," केशर म्हणाली. "जांभळीवर."

मी कसा धावलो ते मला सांगता येणार नाही. वळण घेतलं तर समोर जांभूळ, आणि त्याच फांदीवर एक काळ्या तोंडाचं वानर, मांडीवर माझी पिशवी घेऊन, एखाद्या हेडमास्तरासारखं शांत बसलेलं. पिशवीचा एक कोपरा फाटला होता. ते एकेक लाही काढून तोंडात टाकत होतं.

मी आयुष्यात पोरांवर कधी ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं तेव्हाही नाही. पण त्या क्षणी पोटातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "ठेव ती!" मी गरजलो. "ठेव म्हणतो ना!"

वानरानं माझ्याकडे पाहिलं, पिशवी सोडली आणि चार फांद्या वर गेलं. पिशवी खाली पडू लागली. भुई! मी काठी टाकली, वहाणा टाकल्या आणि दोन्ही हात पुढं केले. पिशवी माझ्या छातीवर आपटली आणि मी ती तिथंच धरली, एखादं मूल धरावं तशी.

"भुईला लागली न्हाई," उमाजी मागून म्हणाला. "म्या बगितलं."

पिशवीत मूठभर लाह्या उरल्या होत्या. भोकावर एक हात घट्ट दाबून मी निघालो आणि पुढं साकव होता.

आता घोड्यावर बसून सरकायला हात मोकळे नव्हते. पिशवी दुसऱ्याला देता येत नव्हती. उमाजी पलीकडे गेला होता, तारा पलीकडे गेली होती. कोंडीच्या बाजूला कड्याची सावली लांबत चाललेली इथूनही दिसत होती.

"मास्तरकाका," तारा म्हणाली, "खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी ताठ उभी होती, दोन्ही हात पुढं करून, पण ओठ दाताखाली धरला होता. माझ्याइतकीच तिलाही भीती वाटत होती. ती माझ्यासाठी नव्हती, शाळेसाठी होती, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मी अनवाणी पाय लाकडावर ठेवला. लाकूड ओलं होतं आणि किंचित हललं. मी दुसरा पाय ठेवला. मग पुन्हा पहिला. खाली पाणी खळाळत होतं, पण ते मी फक्त ऐकलं. तारानं माझी मनगटं पकडली तेव्हा मला कळलं की मी उभ्यानं चालत आलो.

"घोडं चाललं!" केशर ओरडली.

कोंडीवर पोचलो तेव्हा सावली अर्ध्यावर आली होती. फरशीसमोर उन्हाचा एक पट्टा उरला होता, चार हात रुंद. तारा धपकन बसली. मी तिच्या ओंजळीत लाह्या ओतल्या. काही फाटक्या कोपऱ्यातून सांडल्या. तिनं उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरला, मूठ हळूच उघडली.

काही झालं नाही. लाह्या तळहातावरून तरंगून एक एक सुटू लागल्या. तळात सावल्या होत्या, पण त्या वर येईनात. उमाजी ओठ हलवत होता, बहुतेक देवाचं नाव. उन्हाचा पट्टा तीन हात झाला.

मग एक सावली वर येऊ लागली. हिरवी, मग तांबूस, मग सोन्यासारखी. माझ्या हाताएवढा मासा सरळ तिच्या तळहातापाशी आला, थांबला, आणि पुढं होऊन लाही घेऊन गेला. मागून दुसरा. मग पाणी एकदम खळबळलं. दहा, वीस, किती कोण जाणे, सगळे खवले उन्हात लकाकत होते, आणि तारा एकीकडे हसत होती, एकीकडे रडत होती. "गुदगुल्या होतायत!" ती ओरडली. "मास्तरकाका, बघा ना! खातायत!"

"झालं," उमाजी म्हणाला. "गावची झाली."

मी पिशवी उलटी करून झटकली. शिवणीत अडकलेल्या पाच-सहा लाह्या निघाल्या.

"त्या कुनाला ठेवल्यात?" केशरनं विचारलं. "घाला हात."

मी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकले आणि हात पाण्यात घातला. पाणी थंड होतं. एक मासा आला. त्याच्या तोंडाचा स्पर्श दात न आलेल्या बाळाच्या तोंडासारखा मऊ होता. त्यानं लाह्या घेतल्या, आणि तरी मी हात काढला नाही.

"आता ह्येनला पावणं म्हनाय येत न्हाई," केशर उमाजीला म्हणाली. "सवय मोडाय पायजे."

परत वझरीमागून, परत बांबूतून, परत उतारातून आम्ही धोंड्याशी आलो. या वेळी थांबलो. गार झालेला भात इतका गोड मी कधी खाल्ला नव्हता. लक्ष्मीआत्येनं सगळी हकिकत दोनदा ऐकली, वानराची तीनदा. मग ती माझ्याकडे वळली. "आता कागद काढा. आम्ही उद्या जातोच आहोत, हातोहात नेतो."

मी खोपीतून कागद आणि दौत आणली. तिथंच धोंड्याला टेकून बसलो आणि लिहिलं. इतक्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते भाताचा हात वाळायच्या आत झालं.

"चि. यशवंतास आशीर्वाद. हो. तारेला पाठव. इथे हिवताप आहे, वाट वाईट आहे, आणि पावसाळ्यात एकटं वाटतं. हे सगळं खरं आहे. तरी पाठव. तिला गावानं घेतलं. आज मलाही घेतलं, तेव्हा गुंदचा माणूस म्हणून हे लिहितो. आणखी एक. येताना तिच्याबरोबर मला एक जोड वहाणा पाठव. माझ्या जांभळीखाली राहिल्या."

आत्येनं ते वाचायला लावून ऐकलं आणि मान हलवली. "नको. हातोहात नको. यशवंत म्हणेल, पोरीनं समोर बसून लिहवून घेतलं. तिकीट लावून टपालानंच येऊ दे. आम्ही कुठं थांबलो आणि टपाल पुढं गेलं तर जास्तच चांगलं."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्या गाडीत बसलो, अनवाणी. त्यांना सुप्यावरून लोंढ्याची वाट धरायची होती, मला टपाल कचेरीपर्यंत जायचं होतं. वाटभर तारा शाळेबद्दल बोलत होती. फळा कुठं लावायचा, पोरांना पाणी दाखवताना काय शिकवायचं. मी ऐकत होतो आणि खिशातल्या पत्रावर हात ठेवून होतो.

सुप्याच्या कचेरीपुढं गाडी उभी राहिली. मी तिकीट घेतलं, चिकटवलं, पेटीपाशी गेलो आणि पत्र अर्धं आत सरकवलं. मग थांबलो. 'पावसाळ्यात एकटं वाटतं' हे लिहायला नको होतं का? की आणखी थोडं लिहायला हवं होतं? यशवंत घाबरेल का?

"सोडा आता, मास्तर!" गाडीतून लक्ष्मीआत्या ओरडली.

मी बोटं उघडली.